स्त्रियांची पाळकीय दीक्षा (चर्च ऑफ इंग्लंड)

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पाळकीय दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत: डीकन, प्रीस्ट आणि बिशप. डीकन उपदेश करतो, बाप्तिस्मा देतो, अंत्यविधी चालवतो. प्रभुभोजनात भाकर व द्राक्षारसावर पवित्रीकरणाची प्रार्थना म्हणणे आणि मंडळीला पापक्षमा जाहीर करणे हा अधिकार प्रीस्टचा. नव्यांच्या मस्तकावर हात ठेवून दीक्षा देण्याचा अधिकार फक्त बिशपचा. स्त्रियांना ही दारे १९८७, १९९४ आणि २०१५ अशी एकेक करून उघडली.

त्याआधी १८६२ पासून स्त्रियांसाठी ‘डीकनेस’ हे पद होते, पण ते या तीन पायऱ्यांत मोजले जात नसे. काम डीकनचे आणि दर्जा सेविकेचा, असा तो मामला. अँग्लिकन परिवारातली, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नाते सांगणाऱ्या जगभरच्या चर्चमधली, पहिली स्त्री-प्रीस्ट दुसऱ्या महायुद्धाने दिली. मकाऊच्या मंडळीला प्रभुभोजन द्यायला प्रीस्ट पोहोचू शकत नव्हता, म्हणून हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना दीक्षा दिली. युद्ध संपताच वरून दबाव आला आणि १९४६ मध्ये त्यांनी सेवेचा परवाना परत केला. दीक्षा मात्र त्यांनी कधी सोडली नाही.

इंग्लंडमध्ये १९७५ सालीच जनरल सिनडने (चर्चचे कायदे करणाऱ्या सभेने) ‘मूलभूत आक्षेप नाही’ असे मान्य केले होते. तरीही प्रत्यक्ष दीक्षेला आणखी १९ वर्षे लागली. याचे कारण धर्मशास्त्राइतकेच मतदानाच्या नियमांतही आहे. अशा कायद्याला बिशप, पाळक आणि सामान्य भाविक या तिन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे दोन-तृतीयांश मते लागतात. एक सभागृह अडले की सगळे अडते. १९७८ मध्ये पाळकांचे सभागृह अडले. ११ नोव्हेंबर १९९२ रोजी बिशपांत ३९ विरुद्ध १३, पाळकांत १७६ विरुद्ध ७४ आणि भाविकांत १६९ विरुद्ध ८२ मते पडली. शेवटच्या सभागृहात १६८ मते हवी होती. दोघांनी बाजू बदलली असती तर कायदा पडला असता. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल कॅथेड्रलमध्ये ३२ स्त्रियांना प्रीस्टची दीक्षा मिळाली.

बिशपपदाच्या वेळी तोच नियम उलटा लागला. २० नोव्हेंबर २०१२ रोजी भाविकांच्या सभागृहात १३२ विरुद्ध ७४ मते पडली, म्हणजे सहा कमी. बहुतेक बिशप आणि पाळक बाजूने असूनही ठराव फेटाळला गेला. १४ जुलै २०१४ रोजी त्याच सभागृहात १५२ विरुद्ध ४५ मतांनी तो मंजूर झाला आणि २६ जानेवारी २०१५ रोजी यॉर्क मिन्स्टरमध्ये लिबी लेन पहिल्या स्त्री-बिशप झाल्या.

यशाची किंमत होती विरोधकांना दिलेली सोय. १९९३ मध्ये ठरलेल्या व्यवस्थेनुसार स्त्री-प्रीस्ट नको असलेल्या पॅरिशना (स्थानिक मंडळ्यांना) फिरते बिशप मिळू लागले. आजची पद्धत २०१४ ची आहे. स्त्री-प्रीस्ट किंवा स्त्री-बिशप नको असा ठराव करायचा, तर पॅरिश कौन्सिलच्या सभासदांना किमान चार आठवडे आधी सभेची जागा, वेळ आणि ठरावाचा मजकूर कळवावा लागतो. मग एकूण सभासदांचे बहुमत हवे, किंवा दोन-तृतीयांश सभासद हजर असलेल्या सभेत हजर असलेल्यांचे बहुमत. ठराव झाला की बिशप त्या पॅरिशसाठी वेगळी व्यवस्था लावून देतो. गोची होते ती पारदर्शकतेत: ठराव कौन्सिलचा असतो, सगळ्या मंडळीचा नव्हे. तो ठळकपणे जाहीर केला नाही, तर रविवारी उपासनेला येणाऱ्या नव्या कुटुंबाला त्याचा पत्ताच नसतो. समानतेच्या कायद्यात धार्मिक पदांना सूट असल्याने कोर्टाची वाटही जवळपास बंद. म्हणून न्यायाच्या बाजूने लढणाऱ्यांचा आजचा वाद दीक्षेपेक्षा या सवलतीशी जास्त आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांचे नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च पाळकीय पदासाठी, जाहीर झाले. या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरीही पॅरिशांचे हे ठराव कायम आहेत.

भारत या एका बाबतीत इंग्लंडच्या पुढे होता. अँग्लिकन परिवारातल्याच चर्च ऑफ साउथ इंडियाने ३० सप्टेंबर २०१३ रोजी ई. पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशपपदाची दीक्षा दिली, लिबी लेन यांच्या सोळा महिने आधी. महाराष्ट्रातल्या जुन्या अँग्लिकन मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. इंग्लंडच्या सिनडचे निर्णय त्यांच्यावर बंधनकारक नाहीत.