क्वालिटी सर्कल आणि सर्जनशील विचारगट यांतला फरक

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या एखाद्या कारखान्यात ‘कामगारांकडून नव्या कल्पना याव्यात म्हणून एक गट सुरू करू’ असे ठरते, तेव्हा प्रत्यक्षात पुष्कळदा क्वालिटी सर्कलच सुरू होते. ही पद्धत उत्तमच आहे, परंतु ती वेगळ्या कामासाठी घडलेली आहे.

जपानमध्ये 1962 साली काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने क्वालिटी सर्कलची चळवळ उभी राहिली आणि 1980 च्या सुमारास भेल या विजेची यंत्रसामग्री बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या हैदराबादजवळील रामचंद्रपुरम कारखान्यातून ती भारतात रुजू लागली. एकाच विभागात सारखे काम करणारे सहा ते दहा जण स्वेच्छेने साधारण आठवड्यातून तासभर बसतात, ठरलेले प्रमाण कोठे ढळले हे नोंदींवरून पाहतात, माशाच्या काट्यांसारख्या आकृतीवर संभाव्य कारणे मांडतात आणि मूळ कारण सापडले की त्याचा बंदोबस्त करतात. येथे योग्य स्थिती कोणती, हे आधीच ठाऊक असते.

सर्जनशील विचारगटाचे तसे नसते. न्यूयॉर्कच्या जाहिरात व्यवसायातील अलेक्स ऑस्बॉर्न यांनी ब्रेनस्टॉर्मिंगची, म्हणजे गटाने मिळून मोकळेपणाने कल्पना सुचवण्याची, पद्धत मांडली आणि पुढे सिडनी पार्न्स यांच्यासह तिला समस्या सोडवण्याच्या टप्प्यांची जोड दिली. प्रश्न पुन्हा नव्याने मांडणे, कल्पना जमवताना कोणत्याही कल्पनेवर मत न देणे आणि निवड स्वतंत्रपणे नंतर करणे, हा तिचा गाभा आहे.

मराठवाड्यात हा फरक पाण्याच्या प्रश्नावरून सर्वांत स्पष्ट दिसतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात पाण्याची बचत हा कोणत्याही कारखान्याचा कळीचा विषय आहे. पार्ट धुण्याच्या मशीनवर ठरल्यापेक्षा जास्त पाणी का लागते, हा प्रश्न क्वालिटी सर्कलचा आहे, कारण गळती, नोझलची झीज किंवा टाकी वेळेआधी रिकामी करण्याची सवय यांपैकी दोष कोठे आहे हे मोजून सांगता येते. याउलट, पार्ट पाण्याशिवाय स्वच्छ करता येईल का, किंवा तो मुळात तेलकट होणारच नाही असे काही करता येईल का, या प्रश्नाला तपासण्याजोगे जुने प्रमाणच नाही. असा प्रश्न घेऊन बसलेल्या गटाकडे पहिल्याच बैठकीत आकडेवारी मागितली, तर सदस्य ज्याची नोंद आहे तेवढेच बोलतात आणि चर्चा पुन्हा गळतीवर येऊन थांबते.

सदस्यांची निवडही म्हणूनच वेगळी हवी. विचारगटात मशीन चालवणाऱ्याबरोबर मेंटेनन्सचा फिटर, स्टोअरमधील माणूस, खरेदी विभागातील कोणी आणि त्या कामाशी संबंध नसलेला एखादा जण असावा. कंत्राटी कामगारांना मी आग्रहाने घेईन. अनेक ठिकाणी प्रत्यक्ष धुण्याचे आणि उचल-ठेवीचे काम तेच करतात, तरीही त्यांना विचारण्याची रीत नाही, आणि हे मला अन्यायाचे तसेच कारखान्याच्या तोट्याचे वाटते.

आणखी एक गोष्ट गट सुरू करणाऱ्यांनी जाणून घ्यावी. येल विद्यापीठातील 1958 च्या प्रयोगात, एकत्र बसून ब्रेनस्टॉर्मिंग करणाऱ्या गटांपेक्षा तितक्याच माणसांनी एकेकट्याने विचार करून जास्त कल्पना दिल्या. एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि आपल्याकडे तर साहेब समोर असले की कामगार सहसा बोलतच नाही. त्यामुळे सुरुवातीची दहा मिनिटे प्रत्येकाने गप्प बसून, नाव न घालता, चिठ्ठ्यांवर कल्पना लिहाव्यात. ज्याला लिहिणे जड जाते त्याची कल्पना शेजाऱ्याने उतरवून घ्यावी, आणि सर्व चिठ्ठ्या वाचून झाल्यावरच चर्चा सुरू करावी.

रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नाकारल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण, अचानक वाढले असेल आणि कारण कळत नसेल, तर असा गट बसवू नये. ते काम क्वालिटी सर्कलचेच आहे. विचारगटाने निवडलेली कल्पना मात्र चाचणीसाठी त्याच विभागाच्या सर्कलकडे द्यावी, कारण एका मशीनवर ती वापरून पाहणे, पाणी मोजणे आणि फरक टिकतो का याची नोंद ठेवणे त्यांना चांगले जमते.