थर्मल कॅमेऱ्याला बाधलेलं ऊन

रबाळ्याच्या एखाद्या कारखान्यात वीजपॅनलचं दार उघडून थर्मल (उष्णतेचं चित्र दाखवणारा) कॅमेरा रोखला आणि एका केबलच्या लगवर, म्हणजे तिच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्यावर, पिवळट ठिपका दिसला, तर त्याचे तीन अर्थ निघू शकतात. लग खरोखर तापला असेल. शेजारच्या एखाद्या गरम वस्तूचं प्रतिबिंब चकचकीत तांब्यात पडलं असेल. किंवा ठिपका पॅनलमध्ये नसेलच. तो कॅमेऱ्याच्या आत असेल, चार दिवसांपूर्वी गच्चीवरच्या कामात लेन्समध्ये सूर्य आला होता त्याची खूण म्हणून.

पहिल्या दोन शक्यता प्रशिक्षणात शिकवतात, तिसरी बहुधा राहून जाते. आणि नुकसान करते ती तिसरीच. चांगला लग कापून नवा बसवला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे खराब लग थंड दिसतो आणि तसाच पॅनलमध्ये राहतो.

तिन्हींतला फरक ओळखायला अर्धा मिनिट पुरतो. कॅमेरा सावकाश डावीउजवीकडे फिरवा, मग एक पाऊल बाजूला सरकून पुन्हा बघा. ठिपका लगला चिकटून राहिला तर लग गरम आहे. तुम्ही सरकल्यावर ठिपकाही पॅनलवर सरकला तर ते प्रतिबिंब. आणि मागचं चित्र हललं पण ठिपका स्क्रीनवर होता तिथेच राहिला, तर कॅमेऱ्याला ऊन बाधलं आहे.

हातात धरायच्या बहुतेक थर्मल कॅमेऱ्यांत मायक्रोबोलोमीटर नावाचा डिटेक्टर असतो. अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीने तो १९८० च्या दशकात लष्करी कामासाठी विकसित केला. त्याचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे १२ किंवा १७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंदीचा पापुद्रा. माणसाच्या केसाच्या जाडीत असे चार-पाच पिक्सेल शेजारीशेजारी मावतील. हा पापुद्रा दोन बारीक पायांवर, खालच्या सिलिकॉनपासून दोनेक मायक्रॉन उंचीवर तरंगत असतो आणि भोवती निर्वात असतं. त्यावर बहुधा व्हॅनेडियम ऑक्साइडचा थर असतो. समोरच्या वस्तूकडून आलेल्या ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांनी पापुद्रा किंचित तापतो आणि थराचा विद्युतरोध कमी होतो, एका अंशाला साधारण दोन टक्के. कॅमेरा मोजतो तो फक्त हा रोध. तापमान त्यावरून काढलेलं गणित असतं.

निर्वात कशासाठी, पाय इतके बारीक कशासाठी? पापुद्र्यावर पडलेली चिमूटभर उष्णता पटकन निसटू नये यासाठी. समोरच्या वस्तूत एका अंशाचा फरक पडला तरी पिक्सेलचं स्वतःचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच हलतं, आणि तेवढ्यावर चित्र उमटतं. उष्णता धरून ठेवण्याच्या याच रचनेमुळे डिटेक्टर इतका तल्लख होतो, आणि तिच्याचमुळे ऊन पडल्यावर त्याची सुटका होत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डोळ्यांना दिपवणारा सूर्यप्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही. लेन्स बहुधा जर्मेनियमची असते आणि जर्मेनियम दृश्य प्रकाशाला पूर्ण अपारदर्शक आहे. साधारण दोन मायक्रॉनच्या पुढचेच किरण त्यातून जातात. सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी ८ मायक्रॉनच्या पलीकडे हजारात एक-दीड हिस्साच असतो. हे वाचून ‘मग काय बिघडतं?’ असं वाटेल. पण सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,७७० केल्विन आहे. १० मायक्रॉनला त्याची प्रखरता ३०० केल्विनच्या, म्हणजे आपल्या खोलीतल्या भिंतीच्या, चारशेपटीहून जास्त भरते. वातावरणातली बाष्प थोडी कात्री लावते, तरी काहीशे पट उरतेच. शिवाय २ ते ८ मायक्रॉनमधली सूर्याची ऊर्जा याहून कितीतरी जास्त आहे आणि लेन्सवरचं कोटिंग ती पूर्ण अडवत नाही. एरवी अंशाच्या अंशाने हलणारा पिक्सेल अशा वेळी कित्येक अंशांनी तापतो.

सूर्य आकाशात अर्ध्या अंशाहून जरासाच मोठा दिसतो. २५ अंशांचं दृश्य ३२० पिक्सेलमध्ये दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात तो सुमारे सात पिक्सेल रुंदीची थाळी होऊन पडतो. मोबाइलला जोडायच्या छोट्या, रुंद दृश्याच्या कॅमेऱ्यात दीड-दोन पिक्सेल. रात्री प्राणी बघायला वापरतात त्या ३५ मिलिमीटर लेन्सच्या दुर्बिणीत, पिक्सेल १२ मायक्रॉनचे असतील तर, पंचवीसहून जास्त. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितका डाग मोठा. स्टँडवर लावून विसरलेल्या कॅमेऱ्यात तर ठिपक्याऐवजी ओरखडा उमटतो, कारण सूर्य दर मिनिटाला पाव अंश सरकतो. दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो आणि नवे पिक्सेल भाजत जातो.

सूर्य चौकटीबाहेर गेल्यावर पिक्सेल निवायला सेकंदसुद्धा लागत नाही. मग डाग का राहतो? कारण तो साठलेली उष्णता नव्हे. अति तापल्यामुळे थराची अंतर्गत रचना किंचित बदललेली असते आणि रोध पूर्वीच्या जागी परतत नाही. कॅमेऱ्याला रोधच तेवढा कळतो, म्हणून तो समजतो की तिथे काहीतरी गरम आहे. थर मूळ स्थितीत येतो, पण आपल्या गतीने. क्षणभर सूर्य आला असेल तर काही मिनिटांत किंवा तासांत, जास्त वेळ राहिला असेल तर दिवस, आठवडे. काही डाग कायमचे राहतात.

त्यात शटरचा गोंधळ. थर्मल कॅमेरा दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज करतो, तेव्हा आतली पातळ पट्टी डिटेक्टरसमोर येते. पट्टीचं तापमान सगळीकडे सारखं असल्याने कॅमेरा सगळे पिक्सेल एका पातळीवर आणून ठेवतो. ऊन बाधल्यावर लगेच हे घडलं तर डाग स्क्रीनवरून गायब होतो आणि वापरणाऱ्याला हायसं वाटतं. पण दोन दिवसांनी थर पूर्ववत होऊ लागला की केलेली वजाबाकी जास्तीची ठरते आणि त्याच जागी काळा, थंड ठिपका उमटतो. पुढच्या ‘टक्’नंतर तोही जातो. आणखी एक अडचण आहे. शटर एकाच तापमानाला पातळी जुळवतं. पिक्सेलची संवेदनशीलताच बदलली असेल तर साध्या भिंतीवर डाग दिसणार नाही, ८० अंशांच्या बसबारवर (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर) मात्र हमखास दिसेल.

कॅमेरा बंद असला म्हणजे सुरक्षित, हा समज फार महागात पडतो. पुष्कळ मॉडेल्समध्ये शटर फक्त पातळी जुळवण्यापुरतं मिटतं, एरवी उघडंच असतं, वीज बंद असतानाही. लेन्स मात्र सूर्य डिटेक्टरवर एकवटतच राहते. पिस्तुलाच्या आकाराचा कॅमेरा कठड्यावर उताणा ठेवला की लेन्स आकाशाकडे होते, आणि चहा संपेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. म्हणून कॅमेरा हातातून खाली ठेवताना टोपण आधी, मग बाकी सगळं. टोपण दोरीने कॅमेऱ्यालाच बांधलेलं हवं, बॅगेत राहिलेल्या टोपणाचा उपयोग नाही. टोपण लावूनही कॅमेरा सूर्याकडे रोखू नका, अशी सूचना कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकांत असते आणि ती पाळावी. पातळ प्लास्टिक तापून स्वतःच उष्णता फेकतं.

पावसाळ्यात कॅमेऱ्यावर काळी प्लास्टिकची पिशवी चढवणारे बरेच आहेत. पाण्यापासून बचाव होतो, सूर्यापासून नाही. पातळ पॉलिथीन ८ ते १४ मायक्रॉनला बरंचसं पारदर्शक असतं. डोळ्याला काळीकुट्ट दिसणारी कचऱ्याची पिशवी थर्मल कॅमेऱ्याला जवळजवळ काचेसारखी आरपार दिसते. खऱ्या काचेचं याच्या नेमकं उलट.

काच हे किरण आत सोडत नाही, पण परतवते. ८ ते १४ मायक्रॉनमध्ये समोरून पाहिल्यास दहा टक्के धरा, तिरक्या कोनात याहून बरेच जास्त. सूर्याचा दहावा हिस्सा म्हणजे थर्मल कॅमेऱ्याच्या लेखी सहाशे ते आठशे अंश सेल्सिअसची वस्तू. घासून चकाकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा स्टीलची टाकी तर बहुतेक सगळंच परत पाठवते. संध्याकाळी ठाणे-बेलापूर पट्ट्यात पूर्वेकडे, पारसिकच्या डोंगराच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं की सूर्य पाठीशी आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण समोरच्या काचेच्या इमारतीची पश्चिमेकडची बाजू तोच सूर्य थेट लेन्समध्ये टाकते. वाशीच्या किनाऱ्यावरून खाडीकडे बघताना उतरत्या उन्हात पाणीही तेच करतं. यावरचा नियम सोपा आहे. प्रतिबिंबाचे कोन दृश्य प्रकाशाला आणि अवरक्त किरणांना एकच असतात, त्यामुळे जिथे डोळ्यांना तिरीप येते तिथे कॅमेरा नेऊ नका. आधी डोळ्यांनी बघायचं, मग कॅमेऱ्याने.

थेट सूर्यासाठी हाताची वीत वापरा. हात पूर्ण लांब करून बोटं ताणली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश होतात. चौकटीची कड आणि सूर्य यांत किमान एवढं अंतर हवं, कारण चौकटीबाहेरचा सूर्यही लेन्सच्या आतल्या कडांवरून शिंतोडे उडवतो आणि मोजमाप बिघडवतो.

ठाण्याचं अक्षांश सुमारे १९.२ अंश. २१ डिसेंबरच्या आसपास भरदुपारीही सूर्य दक्षिणेला ४७ अंशांवरच असतो. स्विचयार्डमध्ये, म्हणजे वीज उपकेंद्राच्या उघड्या आवारात, उंचावरचे तारांचे क्लॅम्प आणि बुशिंगची (तार उपकरणात नेणाऱ्या इन्सुलेटरची) टोकं बघताना मान नेमकी तेवढीच वर होते, तेव्हा हिवाळ्यात दुपारी दक्षिणेकडे तोंड करून उभं राहणं टाळावं. उत्तर दिशा मात्र कायम सुरक्षित, हा उत्तर भारतात चालणारा नियम इथे चालत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला कललेला असतो, जूनमध्ये चार अंश. त्या दिवसांत धोका उभ्या कॅमेऱ्याला कमी आणि कठड्यावर उताणा ठेवलेल्याला जास्त. ढगांतून अचानक ऊन फुटतं तेही ध्यानात ठेवावं. खरं तर उघड्यावरच्या वीजवाहिन्या आणि जोड तपासायला सूर्यास्तानंतर तास-दोन तास ही वेळ सगळ्यांत चांगली. उन्हाने तापलेलं लोखंड निवलेलं असतं आणि वीजवापर चढा असल्याने दुबळा जोड आपोआप उघडा पडतो.

गच्चीवरची सोलर पॅनलं याला अपवाद. ती उन्हातच तपासावी लागतात. आयईसी ६२४४६-३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पॅनलच्या पृष्ठभागावर चौरस मीटरला किमान ६०० वॉट ऊन हवं. आपल्याकडे पॅनलं साधारण १५ ते २० अंश दक्षिणेला कललेली असतात. डिसेंबरातल्या दुपारी त्यांच्या काचेवरून सूर्य जवळजवळ सरळ वर फेकला जातो, म्हणजे वर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या किंवा पाण्याच्या टाकीवर चढून खाली बघणाऱ्याच्या लेन्समध्ये. सकाळी दहाच्या सुमारास सूर्य आग्नेयेला असताना तिरीप वायव्येकडे जाते. तेव्हा पॅनलांच्या पश्चिम आणि वायव्य अंगाला न थांबता पूर्वेच्या बाजूने काम उरकावं.

एवढं करूनही सूर्य आत गेलाच तर पहिलं काम म्हणजे टोपण लावणं आणि वेळ लिहून ठेवणं. शटर लगेच दाबू नका. कॅमेरा सावलीत चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग जाड पुठ्ठ्याचा, तासभर सावलीत असलेला तुकडा समोर धरून चित्र साठवा आणि डागाचं व शेजारचं तापमान नोंदवा. त्यानंतर शटर हाताने तीन-चारदा चालवून पुन्हा तेच करा. आता दुसरी, गरम पातळी. साध्या प्लास्टिकच्या बादलीत साठेक अंशांचं पाणी भरा, ढवळा आणि बाहेरून बादलीची भिंत चौकट भरेल इतक्या जवळून बघा. चित्र धूसर आलं तरी चालेल, डाग मात्र लपणार नाही. वरून वाफेत बघू नका, लेन्सवर बाष्प धरतं. पुठ्ठा आणि बादली, दोन्हींवर डाग दिसत नसेल तर कॅमेरा वाचला. दिसत असेल तर हीच चाचणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करा. फरक कमी होत असेल तर थांबण्यात अर्थ आहे. कॅमेरा तापवून डाग लवकर जातो म्हणून ओव्हनमध्ये किंवा बंद गाडीत ठेवणं हा शुद्ध विनाश. बहुतेक कॅमेरे ५० अंशांपर्यंतच चालवायचे असतात आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत याहून जास्त तापमान सहज होतं. बॅटरी आधी जाईल.

डाग राहिलाच तर दुरुस्तीत दोन वाटा असतात. एक, बाधित पिक्सेल यादीत टाकून त्यांच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी दाखवायची आणि कॅलिब्रेशन (मोजमापाची जुळणी) पुन्हा करायचं. दुसरी, डिटेक्टरच बदलायचा, ज्याचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या जवळ जाऊ शकतो. पहिली वाट स्वस्त आहे आणि चित्र सुरेख दिसतं, पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. वर सांगितलेल्या ३२० पिक्सेलच्या कॅमेऱ्यात तीन मीटरवर एक पिक्सेल चार मिलिमीटरचा होतो. सात पिक्सेलचा डाग म्हणजे २८ मिलिमीटर. त्यामागे एक अख्खा केबल लग लपतो आणि तिथे स्क्रीनवर दिसतं ते त्याच्या शेजारच्या जागेचं तापमान. असा कॅमेरा जवळजवळ मधोमध भाजलेला असेल, आणि मुद्दाम सूर्याकडे रोखलेल्या कॅमेऱ्यात तसंच होतं, तर स्क्रीनवरची तापमान मोजायची खूण मधून हलवून बाजूला ठेवावी, प्रत्येक जोड चौकटीच्या दोन वेगवेगळ्या भागांत आणून दोनदा मोजावा आणि अहवालाच्या पहिल्या पानावर पुठ्ठ्याचं ते चित्र तारखेसह जोडावं.