कीर्द आहे, खतावणी नाही

काही महिन्यांपूर्वी आमच्या कारखान्याच्या खरेदी विभागाने एक साधा प्रश्न विचारला. हीट ट्रीटमेंट विभागात गरम तेल खेळवणारा एक पंप आहे. त्याच्या झाकणाखाली बसणारी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे रबराचे कडे, पूर्वी नायट्राइल रबराची मागवली जात असे, आता व्हायटॉन या जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराची मागवली जाते आणि ती कितीतरी महाग पडते. हा बदल कोणी आणि का केला, एवढेच त्यांना हवे होते. उत्तर आमच्या कार्यालयीन चॅटमध्ये असणार याची मला खात्री होती, कारण गेली काही वर्षे आमचे सगळे बोलणे तिथेच होते. मी 'व्हायटॉन' शोधले, 'ओ-रिंग' शोधले, 'पंप' शोधले. मागणीपत्रे सापडली, माल उशिरा आल्याच्या तक्रारी सापडल्या, गळतीचे फोटो सापडले, परंतु निर्णय काही सापडेना. शेवटी स्टोअरमधले काका म्हणाले, "अहो, ते गौरीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ठरलं होतं." मग तारीख धरून मागे गेलो, तेव्हा तडे गेलेल्या एका जुन्या रिंगेचा फोटो दिसला. त्याखाली मेंटेनन्सच्या सहकाऱ्याने नव्या रिंगेबद्दल लिहिले होते, "ही वाली बसवून तीन आठवडे झाले, थेंब नाही." आणि त्याखाली विभागप्रमुखांचे उत्तर होते, "चालेल, आता हेच कायम ठेवा."

हजारो रुपयांचा आणि एका यंत्राच्या सुरक्षिततेचा निर्णय या पाच शब्दांत होता, आणि त्या पाचांत ओ-रिंग नव्हती, व्हायटॉन नव्हते, पंपही नव्हता. असे का होते, आणि शोधयंत्र इतके वेगवान असूनही ते इथे का हरते, हे समजून घेण्यासाठी ते आतून कसे चालते ते पाहावे लागेल.

शोधाची पेटी उघडून आपण शब्द टाकतो, तेव्हा संगणक सगळे संदेश एकेक करून वाचत बसत नाही. त्याने आधीच एक उलटी सूची करून ठेवलेली असते. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते आणि प्रत्येक शब्दापुढे पृष्ठांचे आकडे असतात, तशीच ही सूची असते; फक्त तिच्यात निवडक नव्हे, तर जवळजवळ सगळेच शब्द असतात आणि पृष्ठांऐवजी संदेशांचे क्रमांक असतात. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेली ल्युसीन ही मुक्त प्रणाली याच तत्त्वावर उभी आहे आणि आज कितीतरी कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या पोटात ती काम करत असते. सूचीमुळे शब्द कुठे कुठे आला आहे हे क्षणार्धात कळते. मात्र एखादा शब्द दोन हजार ठिकाणी आला असेल, तर त्यांपैकी कोणते ठिकाण आधी दाखवायचे, हा खरा प्रश्न असतो.

त्याचे उत्तर केंब्रिजच्या संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दिले आणि ते आजही टिकून आहे. जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत येतो तो अधिक मोलाचा, आणि जो सगळीकडे येतो त्याचे वजन कमी, असा तो विचार आहे. समजा दहा हजार संदेशांपैकी 'व्हायटॉन' वीस संदेशांत आणि 'चालेल' दोन हजार संदेशांत असेल, तर 'व्हायटॉन' या शब्दाने शोध फार लवकर नेमका होतो आणि 'चालेल'ने तो जवळपास पुढे सरकतच नाही. पुढे १९९० च्या दशकात स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पायावर बीएम२५ हे गुणांकनाचे सूत्र उभे केले. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला म्हणून गुण बेसुमार वाढू नयेत आणि लांबलचक दस्तऐवजाला केवळ लांबीचा फायदा मिळू नये, याची काळजी त्यात घेतलेली आहे.

आता विभागप्रमुखांचे वाक्य या काट्यावर ठेवून पाहा. 'चालेल', 'आता', 'हेच', 'कायम', 'ठेवा' हे पाचही शब्द कार्यालयात दिवसभर वापरले जातात, म्हणजे त्यांचे वजन नगण्य. माणसे समोरासमोर बोलताना विषयाचे नाव पुन्हा पुन्हा घेत नाहीत. 'हे', 'ते', 'तसंच', 'परवाचं' एवढ्यावर भागते, कारण संदर्भ दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो. चॅटमध्ये आपण बोलल्यासारखेच लिहितो. त्यामुळे चर्चेला जिथे गाठ बसते, नेमक्या त्याच संदेशात विषयाचे नाव नसते, आणि ज्या संदेशांत नाव असते ते बहुतेक वेळा वाटेवरचे असतात. शोधयंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे लिहून दिले, तेवढेच त्याला ठाऊक असते.

दुसरी अडचण शब्दांच्या निवडीची आहे. जॉर्ज फर्नास, थॉमस लँडॉवर, लुई गोमेझ आणि सुसान ड्युमे यांनी १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ओळखीच्या वस्तूला किंवा क्रियेला एका शब्दात नाव द्यायला सांगितले, तर दोन माणसांनी एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते, असे त्यांना आढळले. म्हणजे लिहिणाऱ्याने 'सील' लिहायचे आणि शोधणाऱ्याने 'रिंग' शोधायचे, हा अपवाद नव्हे, तोच नियम आहे. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार मोठा दिलासा वाटला होता, कारण तोवर मी स्वतःला आणि सहकाऱ्यांना वेंधळे समजत होतो.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांना तर आणखी दोन पायऱ्या चढाव्या लागतात. आपल्या भाषेत प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते, त्यामुळे 'कर्मचारी' शोधणाऱ्याला 'कर्मचाऱ्यांच्या रजा' हे शीर्षक सापडेलच असे नाही; संगणकाला हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत हे कोणीतरी शिकवावे लागते. त्याहून सूक्ष्म गोष्ट त्याच शब्दातल्या अर्ध्या र ची आहे. 'ऱ्या' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सामायिक संकेतप्रणालीत, दोन प्रकारे टंकता येते: एकदा ऱ हा स्वतंत्र वर्ण घेऊन, आणि एकदा नेहमीचा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात, पण आतले संकेतांक वेगळे असल्यामुळे, प्रणालीने दोन्हींना आधी एका साच्यात आणले नसेल तर, एकाने लिहिलेले दुसऱ्याला सापडत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली जुनी पत्रे आणि 'pump leak zala' या धाटणीचे रोमन लिपीतले मराठी संदेश यांची भर वेगळीच.

मग शोध सोडून फोल्डर नीट लावावेत का? याविषयीचे संशोधन मोठे उद्बोधक आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदू-चित्रणाच्या एका अभ्यासात असे दिसले की फोल्डरांतून वाट काढत फाइलपर्यंत जाताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, तेच प्रत्यक्ष जागेत वाट शोधतानाही लागतात. उलट शब्द टाकून शोधताना भाषेशी निगडित भागांना काम पडते. घरात अंधारातही आपला हात दिव्याच्या बटणावर जातो, तसेच काहीसे हे आहे, आणि म्हणूनच स्वतःच्या फाइली माणसे शोधापेक्षा फोल्डरांतून काढणे पसंत करतात. मात्र २०११ मध्ये ३४५ जणांनी जुने ईमेल पुन्हा शोधण्याच्या ८५ हजारांहून अधिक कृतींचा अभ्यास झाला, तेव्हा मेहनतीने फोल्डर लावणाऱ्यांना त्या मेहनतीचे फळ मिळाल्याचे दिसले नाही. शोध घेणारे अधिक लवकर पोहोचत होते. मला या दोन निष्कर्षांत विरोध वाटत नाही. स्वतः मांडलेल्या घरात वाट लक्षात राहते. सामायिक ड्राइव्ह हे मात्र दहा जणांनी दहा वेळा मांडलेले घर असते, आणि तिथे दिव्याचे बटण कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

फोल्डराची मूळ मर्यादा अशी की फाइल एका वेळी एकाच जागी राहते, तर तिच्याकडे येणाऱ्या वाटा अनेक असतात. आमचा निर्णय पंपाच्या फोल्डरात जाईल, खरेदीच्या, की बिघाडांच्या? ग्रंथालयांपुढे हाच पेच होता, आणि त्यावर सर्वांत सखोल विचार ज्यांनी केला ते एस. आर. रंगनाथन आपल्याच देशातले. मुळात गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी एका दुकानात मेकॅनो हा खेळ पाहिला. पट्ट्या, चाके आणि स्क्रू तेच, पण जोडणी बदलली की वस्तू नवी. विषयांचेही असेच करता येईल, हे त्यांच्या लक्षात आले आणि १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. विषयाला तयार कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याचे पाच अंगांनी वर्णन करावे: मूळ वस्तू, तिचे द्रव्य, तिच्यावर घडणारी क्रिया, स्थळ आणि काळ. आमचा निर्णय या पाच प्रश्नांपुढे ठेवला तेव्हा मी थक्क झालो. वस्तू: पंपाची ओ-रिंग; द्रव्य: व्हायटॉन; क्रिया: बदल; स्थळ: हीट ट्रीटमेंट विभाग; काळ: गणपतीचा आठवडा. चॅटमधल्या वाक्यात यांतले एकही अंग नव्हते.

खरे म्हणजे आपल्या पेढ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचे आणि नंतर खातेवहीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचे, या दुसऱ्या कामाला खतावणी म्हणतात. नुसत्या कीर्दीवर कोणी पेढी चालवली नाही, कारण अमक्याकडे किती येणे आहे हे कीर्द उलटून सांगता येत नाही. कार्यालयीन चॅट ही कीर्द आहे. स्लॅक या कार्यालयीन चॅट-प्रणालीचे नाव 'सगळ्या संभाषणांची आणि ज्ञानाची शोधता येणारी नोंदवही' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांशी जोडले जाते, आणि त्यातली आशा मला मनापासून आवडते. पण नोंदवही शोधता आली म्हणून तिची खातेवही होत नाही. शिवाय कीर्द कायम हाताशी राहीलच असेही नाही. स्लॅकच्या मोफत आवृत्तीत २०२२ पासून ९० दिवसांपलीकडचे संदेश दिसत नाहीत, आणि इतर प्रणालींतही ठरावीक मुदतीनंतर संदेश आपोआप पुसण्याची सोय व्यवस्थापकांच्या हाती असते.

खातेवहीचे काम विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच दुरुस्त करता येणाऱ्या पानांचे संकेतस्थळ, करते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. नाव घेतले होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून, म्हणजे हवाई भाषेत 'झटपट'. तिथे पान विषयाचे असते, तारखेचे नव्हे, आणि नवी माहिती आली की खाली भर न घालता जुनेच पान दुरुस्त केले जाते. एका प्रश्नाला एकच चालू उत्तर, हे त्याचे बळ आहे. चॅटमध्ये मात्र जुना निर्णय आणि त्याला रद्द करणारा नवा निर्णय दोन्ही सारख्याच रुबाबात उभे असतात.

अलीकडे अर्थावरून शोधणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. त्या वाक्याचे रूपांतर शेकडो आकड्यांच्या माळेत करतात, आणि ज्यांचा वापर सारख्या संदर्भांत होतो ते शब्द या आकड्यांच्या अवकाशात जवळ येतात. त्यामुळे 'सील' शोधले तरी 'रिंग' सापडू शकते. ही प्रगती खरी आहे आणि शब्दनिवडीची अडचण ती बरीच हलकी करते. तरीही 'हेच कायम ठेवा' यातले 'हेच' म्हणजे काय, हे त्या वाक्याच्या आकड्यांत नसते. आजूबाजूचे संदेश सोबत घेतले तर काही हाती लागते, आणि अर्थ फोटोत असेल तर तेही निसटू शकते. प्रश्न विचारणाऱ्याला ज्या गटात प्रवेश नाही तिथले संदेश शोधात दिसत नाहीत, आणि ते योग्यच आहे, पण निर्णय तशा बंद गटात झाला असेल तर खरेदी विभागाच्या दृष्टीने तो झालेलाच नसतो.

डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने १९८५ च्या सुमारास दाखवले की एकत्र राहणारी वा काम करणारी माणसे सगळे स्वतः लक्षात ठेवत नाहीत. कोणाला काय ठाऊक आहे, एवढेच लक्षात ठेवतात. आमच्याकडे ती सूची म्हणजे स्टोअरमधले काका होते, आणि ते लवकरच निवृत्त होणार आहेत. म्हणून त्या ओ-रिंगेचे पान आम्ही त्यांच्या शेजारी बसून लिहिले. शीर्षकात पंपाचे आणि विभागाचे पूर्ण नाव घातले. पहिल्या ओळीत निर्णय दिला: नायट्राइलऐवजी व्हायटॉन. दुसऱ्या ओळीत कारण दिले, की तेल १३० अंशांच्या आसपास राहते, त्या तापमानाला नायट्राइल कडक होऊन तडकते आणि व्हायटॉन २०० अंशांपर्यंत टिकते. त्याखाली तारीख, ठरवणाऱ्याचे पद आणि मूळ संभाषणाचा दुवा. शेवटी मी 'सील' आणि 'रिंग' असे पर्यायी शब्द लिहिले, तेव्हा काकांनी पडद्याकडे पाहून मान हलवली आणि म्हणाले, "खाली सगळे हिला वायसरच म्हणतात. तेही घाला."

घातले. दोन आठवड्यांनी रात्रपाळीच्या एका मुलाने त्या पानाखाली नव्या मापाबद्दल प्रश्न विचारला. पान कसे सापडले असे मी त्याला विचारले, तर त्याने शोधपेटीत टाकलेले शब्द दाखवले: 'तेल पंप वायसर'.