सीआयएन ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

गर्भाशयमुखाच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘सीआयएन ३’ वाचलं की घरात रडारड सुरू होते: कॅन्सर, तोही तिसऱ्या स्टेजचा! आकडा तोच, पण मोजमाप वेगळं.

सीआयएन ३ हा कॅन्सरच नव्हे. गर्भाशयमुखाच्या अस्तरातल्या पेशी जवळजवळ पूर्ण जाडीभर बिघडल्यात, पण अस्तराखालचा पातळ पडदा त्यांनी ओलांडलेला नाही, असा त्याचा अर्थ. हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. लीप (विजेच्या तारेच्या फासाने कापणं) किंवा कोनायझेशन (शंकूच्या आकाराचा तुकडा कापणं) करून तेवढा भाग काढला की बहुतेकींचं भागतं, गर्भाशयही राहतं. मात्र पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. ‘कॅन्सर नाही ना, मग बघू’ हेही महागात पडतं. न्यूझीलंडमध्ये सीआयएन ३ असून पुरेसे उपचार न मिळालेल्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला.

स्टेजचा प्रश्न येतो तो कॅन्सर ठरल्यावर. तो कुठवर पसरलाय, हे ती सांगते. डॉक्टर आधी हातानेच तपासतात. गाठ योनीमार्गाच्या खालच्या एक तृतीयांश भागात उतरली असेल तर ३ए. गुदमार्गातून तपासताना ती ओटीपोटाच्या हाडाच्या भिंतीला भिडलेली लागली तर ३बी. गाठीने मूत्रवाहिनी दाबली जाऊन किडनी फुगली असेल तरीही ३बीच, मग हाताला काही लागो न लागो. म्हणून साधी सोनोग्राफीही इथे निर्णायक ठरू शकते.

२०१८पर्यंत ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत सीटी, एमआरआयवरून स्टेज बदलता येत नसे. हा आजार गरीब देशांत जास्त, आणि तिथे ही यंत्रं सगळीकडे नव्हती. नव्या नियमांत लसिकाग्रंथी आल्या: ओटीपोटातल्या ग्रंथीत कॅन्सर पोचला तर ३सी१, वर महाधमनीलगतच्या ग्रंथीत पोचला तर ३सी२. पुढे ‘आर’ असेल तर ते स्कॅनवरून ठरलंय, ‘पी’ असेल तर ऊती तपासून. ग्रंथीत कॅन्सर पोचला असेल तर जेमतेम २ सेंटिमीटरची गाठही ३सी ठरू शकते. माझ्या मते हे अक्षर डॉक्टरांना आवर्जून विचारावं, कारण आपल्याकडे ग्रंथी टीबीनेही सुजतात आणि नुसत्या स्कॅनवरून फसगत होऊ शकते.

तिसऱ्या स्टेजला सहसा ऑपरेशन करत नाहीत. बाहेरून रेडिएशन, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध आणि मग आतून दिलं जाणारं रेडिएशन, म्हणजे ब्रेकीथेरपी, असा उपचार चालतो.