रानडुकरांची रात्रशिकार : दिव्याच्या रंगाची निवड

अंधारात चरणारी रानडुकरे न बुजता दिसावीत, नीट ओळखता यावीत आणि त्यांच्यावर नेम धरता यावा यासाठी शिकाऱ्याने कोणत्या रंगाचा प्रकाश वापरावा, हा या नोंदीचा विषय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेक्सास, ओक्लाहोमा, जॉर्जिया, फ्लॉरिडा अशा दक्षिणेकडील राज्यांत, त्यावर सतत वाद झडतात. प्रत्यक्षात मुख्यतः तीन रंग वापरात आहेत : लाल, हिरवा आणि पांढरा. ‘डुकराला हिरवे दिसतच नाही’ किंवा ‘लाल दिवा त्याला अदृश्य असतो’ अशी विधाने दिव्यांच्या खोक्यांवर सर्रास छापलेली असतात. त्यांतले पहिले साफ चुकीचे आहे आणि दुसरे अर्धेच खरे.

अमेरिकेत रानडुक्कर मूळचे नाही. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश मोहीमकर्ता फ्लॉरिडात उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर खाण्यासाठी आणलेली डुकरे होती. पुढे वसाहतवाल्यांनी मोकाट सोडलेली डुकरे रानटी होत गेली. १९१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील हूपर बाल्ड या डोंगरावर शिकारीच्या हौसेखातर युरोपीय रानडुकरे आणली गेली, तीही कुंपण तोडून पसार झाली. आजचे कळप बहुतांशी या दोन्हींच्या संकरातून आलेले. अमेरिकी कृषी खात्याच्या अंदाजानुसार त्यांची संख्या साठ लाखांच्या घरात असून तीसहून अधिक राज्यांत त्यांचा वावर आहे. मका, भुईमूग, भात आणि कुरणे ती नांगरल्यासारखी उकरून टाकतात. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते दिवसा चिखलात किंवा झाडीत पडून राहते. आणि जिथे बंदुकीचा धाक असतो तिथे तर वर्षभर रात्रीच बाहेर पडू लागते. शेतकऱ्याला किंवा शिकाऱ्याला दिवा हाती घ्यावा लागतो तो यामुळे.

रंगाचा प्रश्न डुकराच्या डोळ्यापासून सुरू होतो. जे नीट्झ आणि जेरल्ड जेकब्स यांनी १९८९ मध्ये पाळीव डुकरांवर केलेल्या मोजमापांत शंकुपेशींचे, म्हणजे उजेडात रंग ओळखणाऱ्या डोळ्यातील पेशींचे, दोनच प्रकार आढळले. एकीची संवेदनशीलता ४३९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या (प्रकाशाचा रंग ठरवणाऱ्या मापाच्या) आसपास, म्हणजे निळ्या प्रकाशात, सर्वाधिक असते, तर दुसरीची ५५६ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्यात. माणसात असे तीन प्रकार असतात. त्यामुळे लाल, हिरवा आणि पिवळा यांतला आपल्याला दिसणारा भेद डुकराला बहुधा दिसत नाही. पण रंग ओळखता न येणे आणि प्रकाशच न दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोटाळा इथेच होतो. हिरव्या एलईडीचा प्रकाश ५२० ते ५३० नॅनोमीटरचा असतो. तो डुकराच्या दुसऱ्या शंकुपेशीला चांगलाच जाणवतो आणि अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींच्या तर तो शिखराजवळच पडतो. लाल एलईडीचा प्रकाश साधारण ६२० ते ६६० नॅनोमीटरचा. तिथे डुकराची नजर मंद पडते, पण शून्य होत नाही. त्याची ५५६ नॅनोमीटरवाली पेशी माणसाच्या लांब तरंगलांबीच्या पेशीपासून फार दूर नाही. म्हणजे प्रखर लाल झोत जवळून थेट अंगावर आला, तर डुकराला त्याचा लालपणा कळणार नाही. पण काहीतरी उजळले एवढे नक्की कळेल.

डुकराच्या डोळ्यात आणखी एक उणीव आहे आणि ती शिकाऱ्याच्या मुळावर येते. हरीण, गाय, कुत्रा, कायोटी (कोल्ह्यासारखा अमेरिकी प्राणी) यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. दिवा पडताच त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात ते त्यामुळे. डुकराला हा थर नसतो. त्यामुळे दिवा फिरवून चमकणारे डोळे शोधायची सवय लागलेला शिकारी समोरचा अख्खा कळप पाहूनही न पाहिल्यासारखा पुढे जातो. डुक्कर शोधायचे ते पाठीच्या कमानीवरून, काळ्या ढिगाच्या हालचालीवरून. त्यासाठी प्रकाश अंगावर पुरेसा पडावा लागतो. अंधुक लाल दिव्याची पहिली अडचण हीच.

आता दुसरा डोळा, शिकाऱ्याचा. माणसाच्या डोळ्याला अंधाराला पुरते सरावण्यासाठी अर्धा तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो. शंकुपेशी दहा मिनिटांत तयार होतात, दंडपेशींना त्याहून बराच वेळ लागतो. पांढऱ्या किंवा हिरव्या प्रकाशाने ही कमाई क्षणात वाया जाते. गडद लाल प्रकाशाने फारशी नाही, कारण दंडपेशींना तो जवळजवळ दिसत नाही. समान शक्तीचे ५२५ आणि ६३० नॅनोमीटरचे दोन प्रकाश घेतले, तर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशींना हिरवा सुमारे तिप्पट तेजस्वी वाटतो. दंडपेशींना मात्र तो दोनशे पटींहूनही अधिक तेजस्वी असतो. संध्याकाळी लाल फुले आधी काळवंडतात आणि पाने त्यामानाने उजळ राहतात, ते याच कारणाने. चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

यातून लाल आणि हिरव्याचा सौदा कसा ठरतो ते पाहता येते. लाल दिवा डुकराला कमी जाणवतो आणि शिकाऱ्याचे अंधारसरावलेले डोळे राखतो, पण त्याचा पल्ला तोकडा. काळे डुक्कर, काळी माती आणि मागे ओकची झाडी असेल, तर शंभर यार्डांपलीकडे (सुमारे ९० मीटर) लाल उजेडात कडा विरघळून जातात. हिरव्यात तेच डुक्कर ठसठशीत दिसते, अंतरही अधिक मिळते, पण डुकरालाही प्रकाश तेवढाच लख्ख जाणवतो. म्हणून कळप शोधायला लाल आणि नेम धरायला हिरवा अशी जोडी अनेक जण बाळगतात. मक्याच्या फीडरवर (आमिष म्हणून मका टाकणाऱ्या टांगत्या डब्याजवळ) किंवा जवळच्या मचाणावर बसणाऱ्याला लाल पुरतो. मोकळ्या कापणी झालेल्या शेतात दोनशे यार्डांवरून गोळी घालणाऱ्याने हिरवा घेतलेला बरा. ज्याला लाल-हिरव्याचा रंगदोष आहे, त्याने दिवा विकत घेण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी रात्री पारखून घ्यावा. या दोषाच्या एका प्रकारात लाल प्रकाश इतरांपेक्षा कितीतरी मंद दिसतो आणि अशा माणसाच्या हाती महागातला लाल दिवाही मेणबत्तीइतकाच उपयोगाचा ठरतो.

निळ्या दिव्यांचीही जाहिरात होते, पण त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे काही नाही. डुकराची एक शंकुपेशी नेमकी निळ्यासाठीच आहे आणि माणसाच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते, तिथे निळ्याच्या पेशी नसतातच. म्हणजे ज्याला दिसू नये त्याला दिसते आणि ज्याला दिसावे त्याला अस्पष्ट दिसते. पिवळसर अंबर दिवा लाल आणि हिरव्याच्या अधेमधे येतो. त्याचे चाहते थोडे आहेत.

रंगापेक्षा प्रकाश कसा टाकला जातो याला अधिक महत्त्व आहे, असे म्हटले तर विक्रेत्यांना ते रुचणार नाही, पण शेतात तसेच दिसते. साठ मीटरवर मका खाणाऱ्या कळपावर पूर्ण ताकदीचा झोत एकदम टाकला, मग तो कोणत्याही रंगाचा असो, तर काय होते ते ठरलेले असते. चघळणे थांबते, माना वर होतात, एखादी जुनी मादी भुंकल्यासारखा घुसमटलेला आवाज काढते आणि दोन सेकंदांत शेत मोकळे. तोच झोत कळपाच्या वर, झाडांच्या शेंड्यांकडे धरला आणि त्याची मंद कड हळूहळू खाली आणली, तर पुष्कळदा डुकरे खातच राहतात. झोताच्या कडेने शोधायचे आणि मधला प्रखर भाग फक्त गोळी घालताना वापरायचा, ही अनुभवी माणसांची रीत. मंद-प्रखर करता येणारी फिरकी असलेला दिवा या कामी बटणाच्या दिव्यापेक्षा सरस. बटणाचा ‘टक्’ आवाजही वाईटच, कारण डुकराचे कान आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या, चाळीस किलोहर्ट्झपर्यंतच्या कंप्रता ऐकतात. दिवा हलवताना झाडांच्या आणि कुंपणाच्या खांबांच्या सावल्या जमिनीवरून सरकतात, त्याही बुजवतात. आणि वारा डुकरांच्या दिशेने वाहत असेल, तर दिव्याच्या रंगावर डोके खपवण्यात अर्थ नाही; माणसाचा वास उजेडाच्या आधीच पोचलेला असतो.

फीडरखाली टांगायचे दिवे याच तत्त्वावर चालतात. हालचाल टिपणारा संवेदक कळप येताच दिवा लावतो, पण तो काही सेकंदांत पायरीपायरीने उजळतो. काही ठिकाणी तो रात्रभर मंद तेवत ठेवतात. आठवडाभरात डुकरे त्याला सरावतात आणि चंद्रप्रकाशासारखा तो त्यांच्या रात्रीचा भाग होतो. असे दिवे बहुतेक हिरवे असतात आणि तिथे हिरवाच योग्य, कारण सवय झाल्यावर डुकराला तो दिसतो की नाही याला महत्त्व उरत नाही, शिकाऱ्याला स्पष्ट दिसणे तेवढे राहते.

खरेदीच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. पहिली, पांढऱ्या एलईडीवर लाल काच बसवून लाल दिवा नीट होत नाही. जुन्या हॅलोजन दिव्याच्या प्रकाशात लाल भरपूर असे, म्हणून त्यावर काच चालत असे. पांढरी एलईडी मुळात निळी असते. तिच्यावरील लेपामुळे पिवळा मिसळून पांढरा प्रकाश तयार होतो आणि त्यात गडद लाल फारसा नसतो. काच बहुतेक प्रकाश गिळून टाकते. म्हणून मूळची लाल एलईडी असलेला दिवाच घ्यावा. दुसरी, पल्ल्याचे आकडे. टॉर्चसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी एफएल-१ मानकात, प्रकाश पाव लक्सपर्यंत (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उतरतो ते अंतर पल्ला म्हणून छापतात. ही साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढी पातळी झाली. ४०,००० कँडेलाच्या (झोताच्या तीव्रतेच्या एककाच्या) झोताचा पल्ला त्यामुळे कागदावर ४०० मीटर येतो, पण १०० मीटरवर ४ लक्स आणि २०० मीटरवर जेमतेम १ लक्स उरतो. काळ्या जनावरावर नेम धरायला छापील आकड्याचा तिसरा हिस्सा धरून चालावे. शिवाय कँडेला हे एककच माणसाच्या डोळ्याच्या मापाने ठरवलेले आहे; डुकराला काय जाणवेल ते त्यातून कळत नाही. दिव्याबरोबर रायफलच्या दुर्बिणीतली नेम धरायची खूणही पाहावी. लाल प्रकाशलेली खूण लाल उजेडात हरवते, हिरव्यात साधी काळी फुली उत्तम दिसते. धुके असेल तर कोणताही रंग वाचवत नाही, कारण धुक्याचे थेंब सगळ्या रंगांना जवळपास सारखेच विखुरतात.

एकरंगी उजेडाचा खरा धोका ओळखीचा आहे. हिरव्या किंवा लाल झोतात जनावराचा मूळ रंग कळत नाही. वासरू, मोठा कुत्रा किंवा टेक्सासातली हॅवेलिना ही डुकरासारखी दिसणारी पण वेगळ्या कुळातली जात, यांच्यात गल्लत होते. हॅवेलिनाच्या मानेभोवतीचा फिकट पट्टा अशा उजेडात सहज निसटतो आणि टेक्सासात ती संरक्षित शिकारप्राणी असल्याने रात्री मारणे गुन्हा आहे. रानडुकराला मात्र तिथे असे संरक्षण नाही. २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुकरे मारायला शिकार परवानाही लागत नाही. रात्री दिवा वापरायलाही आडकाठी नाही, फक्त आधी वन्यजीव अधिकाऱ्याला कळवून ठेवण्याची शिफारस केली जाते. सगळीकडे असे नाही. गोळीबाराने कळप फुटून दूरवर पसरतात आणि सापळे निकामी होतात, या कारणाने मिसुरी राज्याने २०१६ मध्ये संवर्धन खात्याच्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीलाच बंदी घातली. जर्मनीच्या शिकार कायद्यात रानडुकरावर कृत्रिम प्रकाश टाकायला मूळचीच मनाई होती आणि तिथले शिकारी चांदण्यावर व बर्फावर विसंबून बसत. आफ्रिकी स्वाइन फीव्हर या डुकरांच्या साथीच्या रोगाच्या भीतीने आता अनेक प्रांतांनी ती सैल केली आहे.

दृश्य प्रकाशाऐवजी अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा डोळ्याला न दिसणारा, प्रकाश वापरणाऱ्या डिजिटल दुर्बिणी आल्यापासून रंगाचा वाद एक पाऊल पुढे सरकला आहे, मिटलेला नाही. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांबवर पोचतो, पण त्याच्या तोंडाशी मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचा पूर्ण अदृश्य, पण संवेदकालाही तो कमी जाणवत असल्याने पल्ला घटतो. उष्णता टिपणाऱ्या थर्मल दुर्बिणीला तर दिवाच लागत नाही आणि ज्यांना ती परवडते त्यांनी लाल-हिरवे दिवे कपाटात ठेवले आहेत.

तरीही पांढरी टॉर्च खिशात ठेवावीच लागते. जखमी डुकराचा माग काढताना लाल दिवा सर्वांत वाईट : रक्त लाल प्रकाश परतवते आणि वाळक्या गवतावर ते गवताइतकेच उजळ दिसून नाहीसे होते. हिरव्यात ते काळे दिसते, पण ओल्या पानांवरची सावली आणि चिखलाचा शिंतोडाही तसेच काळे. थर्मलमध्ये गरम धड दिसते, थेंब मात्र थोड्याच वेळात जमिनीइतके थंड होतात. पांढऱ्या उजेडात, टॉर्च खाली आणि तिरकी धरून, तोच थेंब ओला व लाल दिसतो.