खोल चावा वेगळा, हिरड्या दिसणं वेगळं

साखरपुड्याचा फोटो मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून समोर धरायचा आणि विचारायचं, "डॉक्टर, डीप बाइट आहे म्हणूनच हिरड्या दिसतात ना? मग अलाइनर लावले की जाईल ना?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की उत्तर आता पाठ झालंय. डीप बाइट असेलही, हिरड्या दिसतही असतील, पण एकामुळे दुसरं झालंय हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आणि अलाइनर हा दात हलवणारा प्लास्टिकचा ट्रे आहे. जबडा किंवा ओठ हलवणं त्याचं काम नाही.

डीप बाइट, म्हणजे खोल चावा, हा वरच्या आणि खालच्या दातांचा आपसातला मामला. दाढा मिटल्या की वरचे पटाशीचे दात खालच्यांवर थोडेसे येतात, साधारण 2 ते 3 मिलिमीटर, म्हणजे खालच्या दाताचा एक तृतीयांश भाग झाकला जाईल इतके. खोल चाव्यात खालचे दात अर्ध्याहून जास्त, कधी पूर्णच झाकले जातात. टोकाच्या केसमध्ये ते थेट टाळूला टेकतात आणि वरच्या दातांमागे टाळूवर त्यांचे ठसे उमटलेले दिसतात. जेवताना तिथे टोचतं, पण बरेच जण ते 'तिखट लागलं असेल' म्हणून सोडून देतात. दात पुढे येणं ही यात आणखी एक गल्लत. ते आडवं अंतर, त्याला ओव्हरजेट म्हणतात. खोल चाव्यात अंतर उभं मोजायचं असतं. उलट खोल चाव्याच्या कित्येक पेशंटचे वरचे दात आत झुकलेले असतात, त्यामुळे घरच्यांना ते 'एकदम सरळ' वाटतात.

हिरड्या दिसणं, ज्याला गमी स्माइल म्हणतात, त्यात ओठही येतो. मोकळेपणाने हसल्यावर वरच्या ओठाखाली 3-4 मिलिमीटरपेक्षा जास्त हिरडी दिसली की ती लोकांच्या नजरेत भरते. कारणं मात्र एकाच जातीची नाहीत. वरचा जबडाच उंचीला जास्त वाढलेला असू शकतो. ओठ आखूड असू शकतो, किंवा हसताना फार वर पळणारा. पुढचे दात गरजेपेक्षा खाली उतरलेले असू शकतात. आणि कधी दात, ओठ, जबडा सगळं जागच्या जागी असतं, फक्त हिरडी दातावरून मागे सरकायची राहून गेलेली असते.

हे शेवटचं कारण सर्रास नजरेतून सुटतं. एक मुलगी अलाइनरचा पूर्ण आराखडा हातात घेऊनच आली होती. वरचा मधला दात साधारण साडेदहा मिलिमीटर उंच असतो, तिचा 8 भरला. दात झिजलेला नव्हता. खुणा कोरलेली बारीक सळई हिरडीखाली हलकेच सरकवली, तर उरलेला दात तिथेच, हिरडीच्या पांघरुणाखाली. तिला ट्रेची गरजच नव्हती. हिरडी, आणि तिच्याखालचं थोडं हाड, नीट आकारात कापून दात होता तेवढा मोकळा केला. नुसती हिरडी कापून हाड तसंच ठेवलं असतं, तर हिरडी पुन्हा खाली आली असती.

घरी आरशासमोर इतकं तरी करून बघा. दाढा मिटा, बोटांनी ओठ बाजूला करा आणि खालचे पुढचे दात किती दिसतात ते पाहा. ही चाव्याची तपासणी. मग 'मामा' म्हणा आणि ओठ सैल सोडा. न हसता वरचे दात किती डोकावतात? तरुण बायकांमध्ये 3-4 मिलिमीटर, पुरुषांमध्ये त्याहून कमी, हे ठीक. ओठ सैल असतानाच दात भरपूर दिसत असतील तर संशय दातांवर, जबड्यावर किंवा आखूड ओठावर. सैल ओठात सगळं बेताचं आणि हसल्यावर मात्र हिरड्यांची रांग, तर संशय वर पळणाऱ्या ओठावर किंवा दात झाकून बसलेल्या हिरडीवर.

खोल चावा आणि हिरड्या दिसणं, दोन्ही गोष्टींचं मूळ एकच असतं ते आत झुकून खाली उतरलेल्या वरच्या पटाशीच्या दातांत. दात उतरतो तेव्हा हिरडी आणि हाड घेऊन उतरतो. त्यामुळे चावाही खोल होतो आणि हिरडीही दिसते. अशा ठिकाणी अलाइनर खरंच दोन्ही कामं करू शकतो, पण ते त्याच्यासाठी सोपं नाही. ट्रे दाढांवरही चढलेला असतो. दिवसाचे 20-22 तास तो तोंडात असतो, त्याच्यावर दात मिटले की दाढा किंचित दाबल्या जातात, आणि मागून दाढा दबल्या की पुढचा चावा आणखी खोल होतो. म्हणजे ज्याच्याशी भांडायचं त्यालाच ट्रे मदत करतो! म्हणून वरच्या दातांमागे प्लास्टिकचेच उंचवटे देतात, बाइट रॅम्प. खालचे दात त्यांवर टेकतात आणि दाढा सुट्या राहतात. उपदाढांवर दाताच्या रंगाचे छोटे ठिपके, अटॅचमेंट, चिकटवतात, म्हणजे पुढचे दात आत, हिरडीच्या दिशेने, ढकलताना ट्रे मागून निसटत नाही. एक ट्रे दाताला पाव मिलिमीटर किंवा त्याहून कमी हलवतो. उभ्या दिशेत ठरवलं तेवढं सगळं क्वचितच मिळतं. म्हणून आराखड्यात थोडं जास्तच मागतात, आणि शेवटी ट्रेचा आणखी एक संच लागेल हे पेशंटला आधीच सांगून ठेवलेलं बरं. जास्त काम असेल तर हाडात टायटॅनियमचे बारीक स्क्रू बसवून रबराने ओढ द्यावी लागते.

चावा उघडायला, म्हणजे त्याची खोली कमी करायला, कुठले दात आत ढकलायचे, हेही ओठ ठरवतो. सैल ओठाखाली वरचे दात जेमतेम 2 मिलिमीटर दिसत असतील तर त्यांना हात लावायचा नाही, खालचे ढकलायचे. वयाबरोबर ओठ खाली येतोच. पंचविशीत वरचे दात लपवून ठेवले तर चेहरा उगाच पोक्त दिसायला लागतो. जबडाच लांब असेल तर शस्त्रक्रिया, ओठ पळत असेल तर बोटॉक्स, ज्याचा असर काही महिन्यांत ओसरतो. तिथे ट्रेवर पैसे घालून हिरड्या आहेत तशाच राहणार, चावा सुधारला तरी.

शेवटचं, त्या स्क्रीनवरच्या ॲनिमेशनबद्दल. दात सरकताना बघून सगळेच हरखतात, मीसुद्धा. पण त्यातल्या बहुतेक चित्रांत नुसते दात आणि गुलाबी हिरडी असते, ओठ नसतोच. चावा किती उघडला ते तिथे छान कळतं. हिरडी किती दिसेल ते कळायला ओठ लागतो. म्हणून सही करण्याआधी स्वतःचा मोकळं हसतानाचा व्हिडिओ डॉक्टरांसमोर ठेवा आणि यातली हिरडी नेमकी कुठून येतेय ते मिलिमीटरमध्ये विचारून घ्या.