प्राध्यापकांची नोकरी फक्त 16 तासांची?

‘प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवलं की सुट्टी,’ हा समज जुना आहे. 16 हा आकडा खरा, पण तो सहायक प्राध्यापकाच्या प्रत्यक्ष अध्यापनाचा; सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांसाठी तो 14 आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीतलं कलम 15 उघडून पाहा: पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला किमान 40 तास आणि रोज किमान 5 तास महाविद्यालयात उपलब्धता.

तासिका 48 मिनिटांची असेल, तर 16 तास म्हणजे 20 तासिका. वेळापत्रकात त्या मोजता येतात. तयारी, तपासणी, शंकानिरसन मात्र त्यात छापलेलं नसतं. गैरसमज इथेच होतो. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांना भेटण्याची वेळ विभागाच्या फलकावर लिहिलेली असावी. नसेल तर विभागप्रमुखांकडे जरूर मागा.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडून मात्र ही अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. त्यांना मानधन घेतलेल्या तासिकांचंच मिळतं.